बाळंत मांजरीची राखण

मांजर पाळणाऱ्या बाईला आमच्या भोकरदनात कोणी शहाणी म्हणत नाही. त्यात ती विधवा, शाळेत मास्तरीण, लेकरूबाळ नाही, मग तर विचारूच नका. "म्हणून मांजरावर जीव लावते बिचारी," असं माझ्या तोंडावर म्हणायचे. हो, लावते. तुमच्या बापाचं काय जातं?

पिशवीचं ऑपरेशन करायला औरंगाबादला जायचं ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात मांजर व्याली. माझ्या खाटेखाली, टोपल्यात, जुन्या लुगड्यावर. पिल्लं डोळे मिटलेली, उंदराएवढी. तारीख पुढं ढकलण्यासारखी नव्हती, माझं रक्त थांबत नव्हतं. बहीण सोबत येणार होती. मांजरीकडं कोण बघणार? एकाच अंगणात राहणारी धाकटी जाऊ. दुसरं होतं कोण मला?

तिला घरात बोलावून सगळं दाखवलं. गवळ्याचा रतीब बंद करत नाही, दूध सकाळ-संध्याकाळ हिला द्यायचं. सोबत भाकरी, बारीक कुस्करून. खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे तिला बाहेर जाऊन येता येईल. टोपल्याला हात लावायचा नाही, नाहीतर ती पिल्लं तोंडात धरून भलतीकडंच नेईल. बाळंतीण आहे गं ती, मी म्हटलं. जाऊ हसली. "बाई, तुम्ही बिलकुल घोर करू नका. लेकीसारखी सांभाळते." किल्ली तिनं कमरेला खोचली.

ऑपरेशननंतर मला उठता येईना. तरी बहिणीला दवाखान्यासमोरच्या एसटीडीवर पाठवलं. आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता, तिथं तिनं जावेला बोलावून घेतलं. निरोप आला, मांजर मजेत आहे, पिल्लंही मजेत. खरं सांगते, त्या दवाखान्यात मला तेवढंच एक सुख होतं.

टाके काढून घरी आले. जावेच्या पोरीनं किल्ली आणून दिली आणि मान खाली घालून पळाली. दार उघडलं तर वास. कशाचा वास ते ओळखायला काही शाळा शिकावी लागत नाही. बहीण म्हणाली, वाकू नको, पोट अजून ओलं आहे. मी वाकले. टोपल्यात पिल्लं एकमेकांना चिकटून सुकून गेली होती. मांजर कुठंच नव्हती.

जावेला हाक मारली तर दीर आले. आमच्या दिरांची रीतच अशी, खोटं बायकोला बोलू द्यायचं आणि खरं आपण सांगायचं, तेही असं की ऐकणाऱ्याचीच चूक वाटावी.

"वहिनी, पोरीला बघायला पाहुणे आल्ते," ते म्हणाले. "तुमची मांजर दिवसभर अंगणातून इकडून तिकडं. पाहुण्यांना आडवी गेली असती तर जमलं असतं का पोरीचं? म्हणून गोणीत घातली अन् धावड्याच्या शिवारात सोडून आलो. मारली न्हाई बरं का. मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, एवढं कळतं आम्हाला."

"अन् पिल्लं?"

"पिल्लांचे तर डोळेबी उघडले न्हवते. ती कुठं आडवी जाणार व्हती?"

हे ते अगदी शांतपणे बोलले. मागून जाऊ म्हणाली, "रडत व्हती. मंग गप झाली."

"आणि फोनवर मजेत म्हणालीस?"

"तुमचं ऑपरेशन झाल्तं, बाई. तुमच्या जिवाला ताप कशाला द्यायचा?"

रतिबाचं दूध पाहुण्यांच्या चहाला लागलं, हेही तिनं लपवलं नाही. माझं डोकं फिरलं. वा रे वा तुमचं पाप-पुण्य! गळा दाबला तर पाप, आणि भिंतीपलीकडं दूध उकळत असताना बिनडोळ्याची लेकरं भुकेनं मेली तर ते कोणाचं काहीच नाही! ओल्या पोटाची पर्वा न करता मी टोपलं उचललं, अंगण ओलांडलं आणि त्यांच्या ओट्यावर, उंबऱ्यासमोर नेऊन ठेवलं. जा आता सोनाराकडं, म्हटलं, आणि मोजून तेवढी सोन्याची पिल्लं करून आणा.

जावेनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता तरी रडेल.

"अगं बाई! उद्या सुपारी फोडायला पाहुणे येऊन राह्यले," ती म्हणाली. "ते पहिलं उचला तिथून. जल्दी."

टोपल्याला त्या घरातल्या कोणाचा हात लागला नाही. बहिणीनं परसात खड्डा केला आणि आम्ही दोघींनी पिल्लं पुरली. मांजर शोधायला बहिणीला धावड्याच्या एसटीनं पाठवलं, ती हात हलवत परत आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, सुपारी फुटली, आणि जाऊ पेढे घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी कडी काढली नाही. अजूनही भावकीत सांगतात, मांजरापायी हिनं सख्खा दीर तोडला. खरं आहे. मांजरापायीच तोडला.