खाटेच्या पायाला बांधलेलं लेकरू

गोष्टी सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि नेमकी हीच एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. जिच्याजवळ मी माझ्या सासूचं सगळं गाऱ्हाणं ओकते, त्या मैत्रिणीजवळही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — हे एक कारण असेल. दुसरं शोधलेलं नाही.

आधी काम सांगते. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या आशाताईंना मी प्रशिक्षण देते. घरोघरी जाऊन लहान लेकरांच्या आईबापांशी काय बोलायचं, कसं बोलायचं, ते. लेकराशी पहिल्या दिवसापासून बोला. भरवताना त्याच्याकडे बघा, मोबाइलकडे नको. खेळणी विकत आणायची गरज नाही, वाटी-चमचा द्या, रिकाम्या बाटलीत खडे टाकून झाकण घट्ट लावा. मारू नका, कोंडू नका, बांधू नका. ऐकायला सोपं आहे ना? पण दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला हे सांगायला गेलं की ती म्हणते, मग तुम्हीच या नि सांभाळा. म्हणून मी भाषण देत नाही. गोष्ट सांगते.

आमच्यात तशी रीतच आहे. सत्राची सुरुवात गावात खरोखर घडलेल्या एका गोष्टीने करायची. नाव बदलायचं, गाव बदलायचं, मुलगा असेल तर मुलगी करायची. आणि पहिल्या दिवशीचा पहिला धडा — एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. आशाताईला लोक चुलीपर्यंत येऊ देतात ते त्याच भरवशावर. हा धडा मीच शिकवते. चांगला शिकवते, असं सगळे म्हणतात.

मी वाढले जवाहरनगरला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. गॅदरिंगमध्ये निवेदन माझंच असायचं. माईक हातात आला की मला बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. समोरच्या बायका चुळबुळ थांबवतात, एखादीचा पदर डोळ्यांकडे जातो — तेव्हा माझ्या आत काहीतरी खूश होतं. ते तेव्हाही होत होतं. आजही होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

मोहाडी तालुक्यातल्या एका गावात दोन आशाताई होत्या. एकीला वंदना म्हणू, दुसरीला शोभा. नावं खरी नाहीत, आणि गावाचं नाव सांगतच नाही — या वेळी खरंच सांगत नाही. वंदनाचं घर बुद्धविहारामागच्या मोहल्ल्यात, तलावाच्या पाळीला लागून. शोभाचं घर गावाच्या वरच्या अंगाला, धानाची शेती असलेलं, माणसांनी भरलेलं. दोघींची जोडी होती. बैठकीला एकाच गाडीवर येत, एका डब्यात जेवत, आणि माझ्या नकला करत. मी एकदा पकडलं होतं त्यांना. वंदना माझ्यासारखा चष्मा नाकावर ओढून "ताईंनो, लक्ष इकडे" म्हणत होती, आणि शोभा हसून हसून भिंतीला टेकली होती. मीही हसले. नक्कल चांगली होती.

एका पावसाळ्यात आंधळगावला प्रशिक्षण होतं. धानाच्या रोवणीचे दिवस, निम्म्या बायका चिखलाचे पाय धुऊन सरळ सभागृहात आलेल्या. बांधू नका, कोंडू नका हे माझं सांगून झालं होतं. जेवणानंतर नळावर मी ताट धूत होते, तर वंदना शेजारी येऊन उभी राहिली. ताट तिचं धुऊन झालेलं होतं, तरी ती ते परत धूत होती.

"मॅडम, मले माह्या पोट्ट्याले बांधून या लागते," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग तिने सगळं सांगितलं. नवरा नागपूरला बांधकामावर. घरात सासू, पण तिचे डोळे गेलेले. पोरगा नुकता पळायला लागलेला, आणि दार उघडलं की तलाव. सकाळी रोवणी, दुपारी घरभेटी. लेकराला न्यायचं कुठे? म्हणून जुन्या लुगड्याचा मऊ काठ फाडून तिने त्याची एक बाजू पोराच्या कमरेला बांधली, दुसरी खाटेच्या पायाला. आणि त्या काठाला बैलाच्या गळ्यातली घाटी अडकवली. पोरगा हलला की घाटी वाजायची. आंधळी सासू ओसरीवर बसून ऐकायची. बराच वेळ वाजली नाही की ती चाचपडत आत यायची.

"दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगतो, लेकराले बांधू नोका. अन् माह्या घरी घाटी वाजत राहते," ती म्हणाली. "फक्त शोभाले मालूम हाय. कोणाले सांगू नोका, मॅडम."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नाही सांगणार, म्हटलं. आणि मग एक चांगलं काम केलं. ते सांगते, म्हणजे माझी बाजू उजळ दिसावी म्हणून नाही. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शोभाला बाजूला घेतलं आणि दोघींच्या घरभेटींचे दिवस वेगवेगळे लावून दिले. वंदना बाहेर असेल तेव्हा पोरगा शोभाच्या घरी. शोभाने एका शब्दानेही का-कू केली नाही. तिच्या घरात जावा, पुतणे, अंगणात कोंबड्या — पोराला काय हवं अजून? पुढच्या बैठकीला वंदना आली ती हसत. "पोट्टा आता घरी याले तयार नाही, मॅडम," म्हणाली. काठ सोडून तिने घाटी खुंटीला टांगून ठेवली होती.

किती सुरेख गोष्ट झाली, नाही? सुरुवात, अडचण, शेजारीण, सुटका. अशी गोष्ट आमच्या धंद्यात सहज मिळत नाही.

पुढचं प्रशिक्षण करडीला होतं. मी ठरवून सांगितली का? हो. आदल्या संध्याकाळी मनात बोलून पाहिली होती. नाव बदललं, वंदनाची मंगला केली. गाव पवनीकडचं केलं. पोराची पोरगी केली. तलावाची विहीर केली. बदलली नाही ती फक्त घाटी. घाटी काढून पाहिली मी, प्रामाणिकपणे पाहिली — गोष्ट पडत होती. घाटी आणि ती ऐकत बसलेली आंधळी म्हातारी नसेल, तर उरतं काय? बांधलेलं लेकरू. ते तर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून घाटी ठेवली, म्हातारीही ठेवली.

गोष्ट जमली. एक बाई रडली. आमच्या वरिष्ठ मॅडम मागे बसल्या होत्या, त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आणि त्याच बायकांत एक होती, जिची बहीण वंदनाच्या मोहल्ल्यात दिलेली. म्हातारीच्या घरातून येणारा घाटीचा आवाज त्या बहिणीने येता-जाता ऐकलेला असणार. घरात बैल नाही, मग घाटी कशाची, हे कोडं तिला तोवर उलगडलं नव्हतं. ते मी उलगडून दिलं.

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? वंदना घरभेटीला गेली की बाया दारातच म्हणायला लागल्या — स्वतःच्या पोराले ढोरासारखं बांधते अन् आमाले शिकवाले येते. एका घराने तिला आत येऊ दिलं नाही. नवऱ्याला नागपुरात फोन गेला, तो येऊन दोन गोष्टी बोलून गेला. सासूला तर लोकांनी तोंडावर विचारलं, की डोळे गेले म्हणून नातवाला ढोर समजलीस काय. म्हातारी त्यानंतर ओसरीवर बसेना, असं मला नंतर कळलं.

आता ते येतं, ज्याच्यासाठी मी इतका वेळ घोळत बसलेय. तोंड वाजवलं, फुशारकी मारली — तेवढंच असतं तर ते मी कधीतरी बहिणीला सांगितलंही असतं.

महिन्याच्या बैठकीला वंदना एकटी आली. चहाचे कप वाटून झाल्यावर माझ्या खुर्चीजवळ आली. डोळे सुजलेले होते. "मॅडम, तुम्ही कोणाजवळ बोलल्या काय?" तिने विचारलं. आवाजात आरोप नव्हता. ती फक्त खात्री करून घेत होती.

"मी? छे गं," मी म्हटलं.

इथेच थांबता आलं असतं. ती वळली होती. पण मला वाटलं, ही अजून विचार करेल, करडीच्या कुणालातरी विचारेल, आणि फिरून माझ्याकडेच येईल. म्हणून मी तिला हाक मारली आणि म्हटलं, "शोभाच्या घरी एवढी माणसं. तिच्या तोंडून सहज निघून गेलं असेल. मनावर घेऊ नकोस."

मनावर घेऊ नकोस. ही वाक्यं बोलताना माझा आवाज प्रशिक्षणात असतो तसाच होता — मऊ, समजूतदार. वंदनाने ऐकून घेतलं. मग मान हलवून तिच्या जागेवर जाऊन बसली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आणि खरं सांगायचं तर मला हेही ठाऊक होतं की गाव तो विश्वास पक्का करेल. खालच्या मोहल्ल्यातली एक, वरच्या अंगाची एक. अशा दोघींत फाटलं तर लोकांना नवल वाटत नाही. जुळलं होतं तेव्हाच वाटलं होतं.

शोभा माझ्याकडे आली ती आठवड्याभराने. बसस्टॉपवर गाठलं तिने मला. "मी नाही सांगतलं, मॅडम. माह्या लेकराची शपथ. ती पोराले पाठवतच नाही आता. तुम्ही सांगा न तिले, तुमचं ऐकते ती." मी म्हटलं, बघते. तेवढ्यात बस आली. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, आणि शोभा बस सुटेपर्यंत खाली उभी होती.

बघते म्हटलं, आणि पाहिलं नाही. दिवाळीनंतर, धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत, देखरेखीच्या कामासाठी त्या गावात जाणं झालं. वंदनाच्या घरी जायची मला गरज नव्हती, पण रस्ता तिथूनच होता. दुपारची वेळ. मोहल्ल्यात कोणी नाही, सगळे शेतावर. तिच्या दाराच्या अलीकडेच मला घाटी ऐकू आली.

मी थांबले. त्या घाटीचा आवाज मी तोवर कधी ऐकलेला नव्हता. करडीच्या सभागृहात सांगितली होती ती घाटी, हातवारे करून, ऐकली मात्र नव्हती. वाटलं होतं त्यापेक्षा जड आवाज होता. थोडी वाजायची, थांबायची. आतून म्हातारी काहीतरी बोलली, पोरगा काहीतरी म्हणाला — शब्द कळले नाहीत. परत वाजली. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी हात लावला असता तर उघडलं असतं.

लावला नाही. आत जाऊन काय बोलणार होते? मी पुढच्या घरी गेले. तिथल्या आईला वाटी-चमच्याचा खेळ दाखवला, बाळ छान हसलं, आणि मी संध्याकाळच्या बसने परत आले.

पुढच्या महिन्यात लाखांदूरकडे प्रशिक्षण होतं. लांबचा तालुका, तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. मी तीच गोष्ट सांगितली. मंगला, विहीर, आंधळी सासू, घाटी. घाटीचा आवाज आता मला नीट काढता येत होता, जड, थांबून थांबून. आणि शेवटही तोच सांगितला — शेजारणीने लेकरू आपल्या घरी नेलं, आणि आता ते बांधलेलं नसतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

वंदनाचा पोरगा आता शाळेत जातो. दोघी अजून कामावर आहेत, बैठकीला वेगवेगळ्या गाड्यांवर येतात आणि सभागृहाच्या दोन टोकांना बसतात. जोड्या करून सराव करायचा असतो तेव्हा वंदना शोभाच्या बाजूला बघतही नाही, सरळ माझ्याकडे येते. म्हणते, मॅडम, मी तुमच्याच संगं करतो. मी हो म्हणते.