कोरडं ताट

नेरजवळच्या आमच्या शाळेत एक बाई वर्गाच्या खिडकीखालच्या चुलीवर खिचडी शिजवत. काही सांगायचं असलं की आधी पदराला हात पुसत, एकच वाक्य बोलत आणि पुन्हा चुलीकडे वळत. पोरांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचं लक्ष ताटांवर असे. पोरं जेवून ताट नळावर धूत आणि चळतीत ठेवत. बाई त्या चळतीवरून हात फिरवत.

"गुरुजी, एक ताट तीन दिस झाले कोरडंच येऊन राह्यलं," एकदा त्या म्हणाल्या.

ताट तांड्यावरून येणाऱ्या सहावीतल्या मुलीचं होतं. ती जेवतच नव्हती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती, आणि पोरं तिला बोंडअळी म्हणत. ती पंगतीत बसली की शेजारची पोरं लांब सरकत. वर्गात हात वर करणंही तिनं सोडलं होतं.

"पोरंच ती, विसरतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. एरवी त्या सगळ्यांच्या शेवटी चुलीपाशी जेवत. आठवडाभर हेच चाललं. मग ताट ओलं येऊ लागलं.

"तुम्ही पोरांना रागावला का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी पदराला हात पुसले.

"पोरायले कायले रागावू? ती गुलाबी सेटर घालून आली, त्या दिवशी ते नाव पयले तुमीच घेतलं होतं, गुरुजी."

त्या चुलीकडे वळल्या. सगळा वर्ग हसला होता, हे मला तेव्हा कुठे आठवलं.