आतली कडी

सांगलीच्या नाटकमंडळींत ज्ञानू सुताराचं नाव आजही निघतं ते एका दारामुळे. रंगमंचावरचं दार म्हणजे नुसती रंगवलेली चौकट. कडी लावल्याचा अभिनय नटानं करायचा. ज्ञानूनं मात्र खरीखुरी कडी ठोकली. व्यवस्थापक ओरडला, "अरे, मागच्या रांगेतल्या माणसाला ती दिसणार आहे का?"

"त्याला न्हाई दिसायची," ज्ञानू म्हणाला, "पण आत उभ्या बाईच्या हाताला कळंल की."

पहिल्या प्रयोगात नायिकेनं ती कडी लावली, खट्ट आवाज झाला, आणि अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसलं!

पुढे नाटकं मंदावली. ज्ञानू कुपवाडच्या कारखान्यांसाठी लाकडी पेट्या ठोकू लागला. त्यातला मोठा कारखाना विजयमालाबाईंचा, पंपांचा. नवरा गेल्यावर बाईंनी तो एकटीनं तगवला होता, आणि शहाण्णव साली त्यांना पहिल्यांदा परदेशातून मागणी आली. गिऱ्हाइकाला पंपांची बिडाची कवचं हवी होती. ती ओतून देणारा रविराज कोरेगावच्या बाजूला भट्टी चालवायचा. पेट्यांची मापं घ्यायला ज्ञानू तिकडे जाऊन आला. त्यानंतर आठवडा उलटला, तरी एक पेटी होईना.

विजयमालाबाई तणतणत त्याच्या वखारीत गेल्या. "मामा, बोट काय माझ्यासाठी थांबणार आहे का? पेट्या कुठायत?"

"लाकूड हाय, खिळं हायती. हात चालंना, ताईसाहेब."

"का? दुखतोय?"

"दुखत न्हाई." ज्ञानूनं रंधा बाजूला ठेवला. "रविराजसाहेब म्हणालं, सुतार हाईस तर कामगारांच्या नव्या खोल्यांची दारं बी बसवून जा. नमुन्याला जुनी दारं दावली. कड्या समद्या भायेरनं. आत एक न्हाई."

"बरं, मग?"

"घराला दोन्हीकडनं कडी असती. आतली माणसासाठी, भायेरची कुलपासाठी. नुस्ती भायेरची गोठ्याला असती."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याची भट्टी, त्याची माणसं. आपण माल घेतो. आपला काय संबंध?"

"माल माझ्या पेटीतनं जाणार. पेटीवर नाव तुमचं असणार," ज्ञानू म्हणाला आणि पुन्हा रंधा उचलून कुणाच्यातरी पाटाला लागला.

बाई घरी गेल्या, पण ते वाक्य मागोमाग आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप काढली. ज्ञानू हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला. कऱ्हाड मागे टाकून जीप कोरेगावच्या वाटेला लागली.

भट्टीच्या फाटकातच रविराज लगबगीनं पुढे आला. चहा मागवला. खोल्यांचं विचारल्यावर हसला. "आवं वहिनी, ही जतकडची माणसं. उचल घेत्यात आन् पळून जात्यात. काम सुटलं की आत, सकाळी उघडतोच की. सगळीकडं असंच चालतं."

विजयमालाबाई उठल्या. त्या सरळ कडेच्या खोलीत शिरल्या आणि वळून म्हणाल्या, "मामा, बाहेरून कडी लावा."

"वहिनी, हे काय नाटक!"

"लावा, मामा."

कडी लागली. आत पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या दोन रेघांखेरीज उजेड नव्हता. बाईंनी दारावरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर. कुठेच काही नाही. फक्त मधे एका जागी फळी गुळगुळीत लागली, वापरातल्या पाटासारखी. त्यांनी तिथे तळवा ठेवून जोर लावला.

"ढकलू नगा बाई," अंधारातून आवाज आला. "ढकलून काय हुत न्हाई."

बाई दचकल्या. कोपऱ्यात एक बाई अंग टाकून पडली होती. धोंडुबाई तिचं नाव. ताप होता म्हणून कामावर गेली नव्हती.

"तुम्ही ढकलून बघितलंत?"

"पोरीला फेफरं आलं तवा लय ढकललं. समद्यांनी ढकललं."

"मग?"

"सकाळी उघडलं."

बाईंनी पुढचं विचारायच्या आत धोंडुबाईनंच सांगितलं, "हाय पोरगी. जगली."

बाईंचा हात अजून त्या गुळगुळीत जागेवरच होता. त्यांनी तो काढून घेतला. मालाचा भाव पाडून घेताना त्यांनी केवढी घासाघीस केली होती! ती घासाघीस कुठवर येऊन पोचली, ते त्यांच्या तळव्याला आत्ता कळलं.

बाहेर आल्यावर त्यांचा आवाज अगदी खाली होता. "रविराज, आज माल उचलत नाही. आधी प्रत्येक दाराला आतून कडी. बाहेरून कुणी कोंडायचं नाही. ज्याला घरी जायचंय, तो आजच्या एसटीनं जाईल. दिलेली उचल परत मागायची नाही. मी भाव वाढवून देते, त्यात ती फेडून घ्या. आणि मी न सांगता येत जाईन, कधीही."

"तुमची तारीख चुकंल!"

"चुकेल."

"निम्मी मागणी जाईल हातची!"

"जाऊ दे." बाई ज्ञानूकडे वळल्या. "पण आता कड्या कुठून आणायच्या?"

ज्ञानूनं पिशवी उपडी केली. पितळी कड्यांचा ढीगच पडला.

बाई बघतच राहिल्या. "मामा! आणि मी आलेच नसते तर?"

"तर एसटीनं आलो असतो."

"सुतार हाईस का सरकार रं तू?" रविराज चिडून म्हणाला.

"सुतारच हाय. म्हून तर दार कळतं." ज्ञानूनं पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

संध्याकाळच्या एसटीनं चार कुटुंबं जतला गेली. धोंडुबाई ताप उतरेपर्यंत थांबणार होती. ज्ञानूनं तिच्या दाराला कडी बसवली आणि तो बाजूला झाला. ती आत गेली. दार लागलं. खट्ट.

बाहेर सगळे उभे. कडी निघाल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. पुन्हा खट्ट. पुन्हा निघाली, पुन्हा खट्ट.

"आगं ए, उघड की आता!" रविराज ओरडला.

आतून धोंडुबाईचा आवाज आला, "थांबा वाईच."

विजयमालाबाईंनी ज्ञानूकडे पाहिलं. त्याच्या हातात पेचकस तसाच होता आणि मान किंचित कलती, विंगेत उभं राहून टाळी ऐकणाऱ्यासारखी. बाईंनी नकळत डोक्यावरून पदर घेतला. आणि सगळे तिथेच, बंद दारासमोर, थांबले.