टाच रुतेना तिथवर

दिघोरीजवळच्या तलावातला गाळ किती खोल काढायचा, हे माझ्या नकाशात ठरलेलं होतं. गावाच्या शेतांना पाणी वाटणारा म्हातारा पाणकर चपला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ठेवून कोरड्या तलावात उतरला. मशीननं उकरलेल्या जागी तो टाच दाबत चालला. एका ठिकाणी टाच रुतेना. तिथं त्यानं पळसाची काडी खोवली.

"साहेब, इथंच थांबवा मशीन. खाली चिकनी माती आहे. थे फोडली तं सारं पाणी जिरून जाते. मंग धान कायच्या भरोशावर लावू आम्ही?"

नकाशात अजून हातभर खोदाई बाकी होती. ती मी खोडली. बदलाच्या कारणापुढे लिहिलं, 'पाणकराची टाच.'

वरिष्ठांचा चिडून फोन आला. मी म्हटलं, "या साहेब, चपला काढून उतरा."