एक नांदेडची, एक लातूरची

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच मला ठाऊक. शिवाय ज्या माणसावर मी वर्षभर संशय घेतला त्याच्याबद्दल मीच लिहावं का, हेही नक्की कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

नांदेडला जुन्या कॉम्प्युटरचे भाग विकणारं एक दुकान होतं. मालकांना सगळे काका म्हणत. हार्ड डिस्क मागितली की काका ती चालू करायचे, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. सगळं दुकान गप्प. मग म्हणायचे, "खोटं बोलून राहिली." आणि डिस्क बाजूला.

स्वतःच्याच मालावर असा अविश्वास दाखवणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? मला ते नाटक वाटलं.

माझं काम असं होतं. माझे वडील बिलोली तालुक्यात गावोगावी जयंतीला भीमगीतं गायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांचा आवाज उरला होता तो लोकांनी मोबाइलवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. गावं पालथी घालून मी ती मेमरी कार्डांवर गोळा केली होती. आता घरीच एक स्वस्तातला सर्व्हर करायचा होता: एक डबा, आत दोन डिस्क, दोन्हींवर तीच गाणी. एक बिघडली तरी दुसरी राहील, आणि घरात कुणीही मोबाइलवरून ऐकेल.

"नवं काही घेऊ नको," काका म्हणाले. "हापिसातून निघालेलं हे डबडं घे. गाणी सांभाळायला लई झालं. पण पॉवर सप्लाय मात्र नवा."

"तोच का नवा?"

"बैल म्हातारा चालतो रे. कासरा कुजका चालत न्हाई."

आता नव्यात ह्यांचा फायदा जास्त असणार, असं मी मनात धरलं.

डिस्क मात्र त्यांनी एकच दिली. सात बाजूला सारून आठवी. "दुसरी लातूरला घे."

"तुमच्याकडे आहेत की."

"एका खोक्यातल्या दोघी एकदमच आजारी पडतात. एक नांदेडची, एक लातूरची, म्हंजे भ्याव न्हाई. आन् तिथं स्टिकर बघू नको, तास बघ. किती तास राबली ते तिच्या पोटात लिहिलेलं असतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या डब्यात वर्षानुवर्षं राबलेल्या डिस्कला नवं स्टिकर डकवून विकतेत."

मी लातूरलाच शिकतो. तिथल्या दुकानदाराला आधी विचारलं, "नांदेडच्या काकांना ओळखता का?"

"कोण काका?" तो म्हणाला. हेही दोघांचं ठरलेलं असेल, असं मला वाटलं. तरी डिस्क लावून तास पाहिले. नवी म्हणून पुढे केलेली डिस्क खरंच दोन वर्षं राबलेली निघाली. मी दुसरी घेतली, पण काकांना हे सांगितलं नाही.

सुट्टीला गावी जाताना नांदेडला उतरलो. काकांनी डबा जोडला आणि गाणी उतरवायला लावली.

"यूपीएस घे. तुमच्याकडं वीज पडती."

"पुढच्या वेळी बघू."

"बरं, मग एक कॉपी माझ्याकडं ठेव. दोन डिस्क म्हंजे दोन कॉप्या न्हाईत, बाळा. डबा एक, घर एक, म्हंजे कॉपी एकच. बिलोलीला आग लागली तर नांदेडला लागायची न्हाई."

वडिलांची गाणी ह्यांना कशाला हवीत? मी म्हणालो, "नको."

"बरं." ते हसले. "जेवून ये जा. वेळ लागंल."

मी घास गिळून पळत आलो. टेबलावर एक तिसरी डिस्क होती. सहज लागल्यासारखा हात लावला. गरम होती, आत्ताच चालवल्यासारखी.

"ही कुणाची?"

"गिऱ्हाइकाची," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर दर रविवारी मी यूट्यूबवर वडिलांची गाणी शोधायचो, काकांनी ती विकायला काढली असतील म्हणून. सापडली नाहीत. तरी संशय गेला नाही.

घरी डबा छान चालला. संध्याकाळी वडील स्वतःचाच आवाज ऐकायचे, मांडीवर ताल धरून. मला इतकी खात्री वाटली की मी जुनी कार्डं पुसून कॉलेजच्या कामाला घेतली. यूपीएस राहूनच गेला.

मग गावातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीज पडली. डबा जळाला. नांदेडची गेली, लातूरचीही गेली. लातूरच्या दुकानदाराने हात टेकले. ज्यांच्या मोबाइलवरून गाणी घेतली होती, त्यांचे मोबाइलही तोवर बदलले होते. वडिलांनी पाटीवर लिहिलं, 'जाऊ दे.' पण संध्याकाळी त्यांचा हात मांडीवर नुसताच पडून असायचा.

काकांकडे कोणत्या तोंडाने जाणार? येता-जाता बस नांदेडला थांबायची. मी खिडकीतून दुसरीकडे बघायचो.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला.

"दादा, मी नांदेडहून बोलून राहिले. दुकानवाल्या काकांची मुलगी. पप्पा गेले, दोन महिने झाले. दुकान आवरताना एक डिस्क सापडली. वर कागद चिकटवलाय, तुमचा नंबर हाय."

"काय लिहिलंय?"

तिने वाचलं, "'न विचारता घेतली. पोरगं संशयी हाय. चांगलं हाय. मागायला आलं की द्यायची.'"

मी तिला ते परत वाचायला लावलं. तिने वाचलं आणि पुढे म्हणाली,

"दादा, खाली तारखा बी हायत, डिस्क तपासल्याच्या. दर महिन्याची एक. शेवटची दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीची हाय. तिच्याम्होरं लिहिलंय, 'खरं बोलती.'"