ताईच्या गाडीचा सांगाडा

अपघातात वाकलेल्या गाड्यांचे सांगाडे सरळ करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गॅरेजच्या ओळीत सगळे त्याला ‘सरळ्या’ म्हणत. कसलंही लोखंड त्याच्यापुढे मुकाट्यानं सरळ होई. सख्खी बहीण तेवढी कधी झाली नाही.

ताईची रोपवाटिका होती. वर्षानुवर्षं ती गाडीच्या मागच्या भागात ओल्या कुंड्या भरून हिंडायची. पाणी झिरपत खाली जायचं. “एकदा खालून बघू दे,” असं तो दर भेटीला म्हणे आणि ती म्हणे, “चालतेय ना? मग झालं तर.”

शेवटी मागून करकर ऐकू यायला लागली, तेव्हा बाईसाहेब गाडी घेऊन आल्या. त्यानं गाडी वर उचलली आणि खाली शिरला. सांगाड्याच्या मागच्या दांड्याला त्यानं स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत!

“पाडलंस ना भोक!” ताई ओरडली.

“अगं, मी कुठं पाडलं? तिथं लोखंड उरलंच नाहीये, नुसता रंग आहे!”

“सकाळी नव्हतं. मी इथवर चालवत आणलीये.”

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कपाळ ग्रीसनं काळं झालं.

दुसरी गाडी घे म्हणावं, तर ताई ऐकणाऱ्यांतली नव्हती. हातातली कामं बाजूला सारून त्यानं सडलेला भाग कापला आणि पोलादाच्या चौकोनी नळ्या जोडायला घेतल्या. ताई रोज डोक्यावर उभी.

“एवढं पातळ? माझा कुंड्यांचा स्टँड याहून जाड आहे.”

“स्टँड खड्ड्यांतून पळतो का? हे पातळ असलं तरी चिवट आहे. जाडजूड लोखंड लावलं तर गाडी स्वतःचंच वजन ओढत बसेल.”

“तरी जाड बरं दिसलं असतं.”

“गाडीखाली बघायला कोण जाणार आहे?”

“मी जाईन.”

“आजवर गेलीस कधी?”

काम झालं, गाडी खाली उतरली आणि मागचं दार लागेना. सांगाडा इतकी वर्षं खचत गेला, तशी दारंही त्या खचण्याला सरावली होती.

“आधी लागत होतं,” ताई म्हणाली.

“आधी गाडी वाकडी होती!”

“असेल. पण दार लागत होतं.”

तो बाहेर गेला, घटाघटा पाणी प्यायला आणि परत आला. बिजागऱ्या सैल करायच्या, दार केसभर उचलायचं, लावून बघायचं, यात त्याची अख्खी दुपार गेली. मग कुठं चारही दारं हलकेच लागली.

ताई गल्लीला एक फेरी मारून आली. तो शाबासकीची वाट बघत उभा.

“करकर गेली रे. आता चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.”

त्यानं मागच्या भागात पाणी बाहेर सोडणारा ट्रे ठेवला.

“तो नको हं. कुंड्या कमी मावतील.”

त्यानं ड्रिल उचललं आणि ट्रे चारी बाजूंनी स्क्रूनं पक्का आवळून टाकला.

“काय हट्टी आहेस रे!” ताई गाडी सुरू करत म्हणाली. “कुणावर गेलायस, देव जाणे.”