मागे बघणारी मैलेसी

लुआंग्वाच्या जंगलात पायी फिरायचं तर रांग ठरलेली. पुढे बंदूकवाला, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे आणि सगळ्यांत शेवटी किटली घेऊन चहावाली. ही चहावाली म्हणजे मैलेसी. अकरा वर्षं बाई रांगेच्या शेपटीला चालली. पण गाईडनं सिंह दाखवायच्या आत हिनं त्याचा माग ओळखलेला असायचा. दोनदा गाईडच्या परीक्षेला बसली, दोनदा नापास. आज तिसरी खेप आणि शेवटची. चौथी संधी मिळत नाही.

उजाडल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागलेली. बंदूकवाला योतामकाका म्हणाला, "अगं, जरा दम खा. परीक्षा तुझी आहे, हरणं कशाला पळवतेस?"

परीक्षक साकालासाहेब पाहुणा बनून तिच्यामागे चालत होते. किटली आज स्वयंपाकी लॅक्सनकडे. मैलेसी काय झकास बोलत होती! हे पाणघोड्याचं शेण, इथून रात्री बिबट्या गेला, आणि तो बघा, तो बघा लाल पाखरांचा थवा! पण अकरा वर्षांची खोड जाते कुठे? शेवटी चालणाऱ्यानं सगळ्यांची पाठ सांभाळायची असते. दर दहा पावलांना तिची मान मागे वळायची.

"पुढे बघा की बाई," साहेब करवादले. "मागे काय सासर आहे तुमचं?" आणि त्यांनी वहीत काहीतरी खरडलं.

मैलेसीनं झटकन मान पुढे वळवली. गेली, हीही परीक्षा गेली! आता मान वळवायची नाही म्हणजे नाही. वीस पावलं कशीबशी निभावली. एकविसाव्याला मान आपसूक वळली.

लॅक्सनच्या मागे, चाळीस पावलांवर, झाडीतून हत्तीण निघाली होती. सोबत तान्हं पिल्लू. पावलांचा आवाज म्हणाल तर शून्य. लॅक्सन आपला गुणगुणतोय निवांत!

मैलेसीनं नुसता हात वर केला. पायानं धूळ उडवून वारा पाहिला आणि सगळ्यांना डावीकडच्या पुरुषभर उंच वारुळाआड नेलं. हत्तीण आली, सोंड उचलून हुंगत थांबली आणि पिल्लाला ढुशी देत पंधरा हातांवरून निघून गेली. पिल्लाचे कान उन्हात गुलाबी दिसत होते.

"अगं आई गं!" साहेबांच्या तोंडून निघालं. वीस वर्षं जंगलात मुरलेला माणूस, पण वही हातातून गळून पडली होती.

पुढे चिंचेखाली सगळे चहाला थांबले. आनंदाच्या भरात मैलेसी उठली आणि सवयीनं किटली उचलली.

"खाली ठेवा ती!" साहेब गरजले.

तिनं किटली जिथल्या तिथे ठेवली.

"गाईड चहा वाटत नसतो. बसा." त्यांनी स्वतः पेला भरला. "साखर किती?"

अकरा वर्षं हा प्रश्न तिनं साऱ्या दुनियेला विचारला होता. तिला कुणी विचारला नव्हता.

"तीन," म्हणताना तिला रडूच फुटलं.

"चार घाला, साहेब," योतामकाका म्हणाला. "पोरगी पास झालीय."